टाळल्याने वाढणारी भीती: चिंताविकार ओळखावा कसा, आवरावा कसा

फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणीला आलेला असताना आभाळ भरून आले की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला रात्रभर डोळा लागत नाही. तो तासातासाला अंगणात येऊन वर बघतो, व्यापाऱ्याला फोन लावतो, मजुरांची जुळवाजुळव करतो. या चिंतेला आजार म्हणता येणार नाही. तिला खरे कारण आहे, ती माणसाला हातपाय हलवायला लावते आणि माल विकून पैसे खात्यावर जमा झाले की ती ओसरते. आता असे समजा की माल चांगल्या भावाने गेला, आभाळ मोकळे झाले, तरी त्याच माणसाची झोप परतली नाही. आज मुलाच्या दुचाकीची काळजी, उद्या स्वतःच्या छातीतल्या कळीची, परवा शेजारी नीट का बोलला नाही याची, असे विषय बदलत राहिले पण काळजी तेवढीच राहिली, आणि काही महिन्यांनी त्याने बाजार समितीत जाणेच सोडून दिले. ही चिंता आता कामाची उरलेली नाही. तिचा चिंताविकार झाला आहे.

हा लेख अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. त्यातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते: चिंताविकार टाळण्यावर जगतो. ज्याची भीती वाटते ते टाळले की त्या क्षणी हायसे वाटते, आणि नेमके तेच हायसे वाटणे भीतीला पुढच्या वेळेसाठी बळ देते. म्हणून या आजारात केवळ विश्रांतीने किंवा जागा बदलल्याने सहसा गुण येत नाही. भीतीच्या दिशेने, पण बेताबेताने आणि आधार घेऊन, चालावे लागते.

कोणत्या चिंतेला विकार म्हणावे

मानसोपचारातील वर्गीकरणानुसार चिंताविकार हा एकच आजार नसून आजारांचा गट आहे. सार्वत्रिक चिंताविकारात किमान सहा महिने, बहुतेक दिवशी, निरनिराळ्या विषयांची आवरता न येणारी काळजी असते आणि तिच्यासोबत अस्वस्थता, लवकर थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड, मान-खांदे आखडणे आणि झोपेची तक्रार यांतली काही लक्षणे असतात. पॅनिक विकारात भीतीचे अचानक झटके येतात. छातीत धडधडते, दरदरून घाम फुटतो, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि आपण आता मरणार किंवा वेडे होणार असे ठामपणे वाटते. हा झटका काही मिनिटांतच शिगेला पोहोचतो आणि साधारणतः अर्ध्या तासाच्या आत उतरतो. एखादा झटका कोणालाही येऊ शकतो. झटक्यानंतर महिनाभर किंवा अधिक काळ ‘पुन्हा येईल’ या धास्तीने माणूस जगू लागला किंवा त्यापायी आपले वागणे बदलू लागला, तर त्याला पॅनिक विकार म्हणतात.

गर्दी, बस, रेल्वे, पूल, रांग अशा जिथून पटकन बाहेर पडता येणार नाही त्या ठिकाणांची भीती हा वेगळा प्रकार आहे, मात्र तो पुष्कळदा पॅनिकच्या पाठोपाठ येतो. चारचौघांत बोलताना, जेवताना, सही करतानासुद्धा लोक आपल्याला जोखत आहेत असे वाटणे म्हणजे सामाजिक भीतीचा विकार. त्याला आपल्याकडे ‘लाजाळू स्वभाव’ म्हणून सोडून दिले जाते आणि त्यात वर्षे वाया जातात. उंची, इंजेक्शन, कुत्रा, वीज अशा ठरावीक गोष्टींची भीती सर्वांच्या ओळखीची आहे. मंत्रचळ (नको असलेले विचार आणि कृती पुन्हापुन्हा होणे) आणि आघातानंतरचा तणाव या आजारांत चिंता ठळक असली तरी २०१३पासून अमेरिकी वर्गीकरणात त्यांचे स्वतंत्र गट केलेले आहेत आणि त्यांचे उपचारही काही अंशी वेगळे आहेत.

चिंतेची ढोबळ तपासणी करण्यासाठी डॉक्टर मंडळी ‘जीएडी-७’ ही प्रश्नावली वापरतात. ती २००६मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत कितीदा अस्वस्थ वाटले, काळजी आवरता आली का, काहीतरी भयंकर घडेल असे वाटले का, असे तिच्यात सात प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण जास्तीत जास्त २१. पाचपासून सौम्य, १०पासून मध्यम आणि १५पासून तीव्र चिंता मानतात. १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास डॉक्टरांना भेटावे. ही प्रश्नावली निदान करत नाही, तपासणी करावी की नाही एवढेच सुचवते. गुण कमी आले पण तुम्ही लग्नकार्याला जाणे, नोकरीची मुलाखत देणे किंवा घराबाहेर पडणे टाळू लागला असाल, तर माझ्या मते गुणांपेक्षा त्या टाळण्याला अधिक महत्त्व द्यावे.

शरीरात काय घडते

‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणाऱ्याला चिंतेतला माणूस मनातून कायमचा दुरावतो, कारण त्याचे हृदय खरोखर धडधडत असते. मेंदूत धोक्याची दखल घेणारी यंत्रणा आहे आणि तिचा अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग महत्त्वाचा आहे. धोका जाणवताच तिच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन स्रवते. हृदय वेगाने चालते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, घाम येतो, श्वास जलद होतो. पोटात गोळा येणे आणि हातपाय गार पडणे हे आपले वाक्प्रचार या बदलांचे अगदी अचूक वर्णन करतात. समोर बिबट्या असेल तर ही तयारी जीव वाचवते. गोदाकाठच्या उसात बिबट्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

पॅनिकमध्ये हीच घंटा बिबट्या नसताना वाजते. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे चक्कर, मुंग्या, ओठ बधिर होणे, ‘श्वास पुरत नाही’ असे वाटणे ही लक्षणे उमटतात. माणूस त्यांचा अर्थ लावतो की हा हृदयविकाराचा झटकाच आहे. त्या अर्थामुळे आणखी भीती वाटते, आणखी अॅड्रिनलिन स्रवते, लक्षणे आणखी वाढतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६मध्ये हे चक्र मांडले आणि पॅनिकच्या उपचारांना त्यातून दिशा मिळाली. हे चक्र कागदावर स्वतःच्या लक्षणांसह काढून पाहावे. आपल्या बाबतीत पहिली कडी कोणती, धडधड की विचार, हे कळले की पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

आधी शरीराची तपासणी

छातीत प्रथमच दुखत असेल, दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, चालताना वाढत असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर ‘पॅनिक असेल’ असे घरी बसून ठरवू नये. १०८वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी काढावा. पॅनिक आणि हृदयविकार यांत केवळ लक्षणांवरून फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही नेहमी जमत नाही.

थायरॉइडचे वाढलेले काम, रक्तातील साखर उतरणे, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतली अनियमितता ही कारणे चिंतेसारखीच दिसतात. दम्याच्या पंपातील सॅल्ब्युटामोलने हात थरथरतात आणि धडधड होते. रोज दारू घेणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर तीव्र घबराट होऊ शकते आणि ती अवस्था धोकादायक असते, तिथे तातडीने रुग्णालय गाठावे. म्हणून एकदा फॅमिली डॉक्टरांकडून रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडची चाचणी एवढे करून घ्यावे. एकदाच. दर पंधरवड्याला नवा ईसीजी काढणे हा तपासणीचा भाग राहत नाही, तो आजाराचाच भाग होतो.

मला स्वतःला पहिला झटका नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत, रिक्षात बसलेली असताना आला. ज्या रुग्णालयात गेले तिथे ईसीजी चांगला आला आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढे सांगून मला घरी पाठवले. काहीच नसेल तर मला हे काय झाले, याचे उत्तर त्या वाक्यात नव्हते. पुढची दोन वर्षे मी द्वारका टाळण्यासाठी रोज लांबचा फेरा घालत होते. ‘तुमचे हृदय निरोगी आहे, हा पॅनिकचा झटका होता, यावर उपचार आहेत’ ही तीन वाक्ये त्या दिवशी कोणी बोलले असते तर ती दोन वर्षे वाचली असती, असे मला आजही वाटते. तपासणी चांगली आली की डॉक्टरांना थेट विचारावे: हे चिंताविकाराचे असू शकते का, आणि मी कोणाकडे जाऊ?

कोणाकडे जावे

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते निदान करतात आणि औषधे देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत, ते चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती विचारण्यात काहीही गैर नाही. समुपदेशकांचे शिक्षण फार वेगवेगळे असते, म्हणून ‘तुम्ही चिंताविकारावर नेमकी कोणती पद्धत वापरता’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत करावा.

खासगी फी परवडत नसल्यास नाशिकच्या त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, केसपेपर काढून मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात दाखवता येते. घरातून बाहेर पडणेच अवघड असेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच संरक्षण द्यायचे आहे, तेव्हा घरात आरोग्य विमा असल्यास त्याच्या अटी वाचून पाहाव्यात.

अनेक घरांत पहिली धाव डॉक्टरांकडे नसते. ‘बाहेरचे काही असेल’ म्हणून उतारे होतात, गंडेदोरे होतात. वणीच्या देवीच्या दर्शनाने मनाला बळ मिळत असेल तर दर्शनाला जरूर जावे. माझे मागणे एवढेच आहे की उपचार त्यासाठी थांबवू नयेत, आणि ज्याला धडधड होते आहे त्याला ‘बाधा’ म्हणून अधिक घाबरवू नये. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले होते की सामान्य मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. चिंताविकार याच गटात येतात.

विचारातला ‘च’

चिंताविकारांवर सर्वांत अधिक अभ्यासलेला मानसोपचार म्हणजे बोधन-वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि वागणे बदलून केलेला उपचार, ज्याला सगळे ‘सीबीटी’ म्हणतात. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते १६ बैठकांत तो होतो. त्याच्या आधी, १९५५च्या सुमारास, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, आणि कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे तो मराठी वाचकांपर्यंत अनेक दशकांपूर्वीच पोहोचला आहे.

एलिस यांचे म्हणणे मराठीत एका अक्षरात पकडता येते. ‘मला परीक्षेत यश मिळावे’ ही इच्छा आहे. ‘मला यश मिळालेच पाहिजे’ ही सक्ती आहे. मधला ‘च’ काढला की वाक्याचे ओझे उतरते. कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने आपल्या वहीत रात्रीचे विचार जसेच्या तसे लिहावेत आणि त्यांतले ‘च’ अधोरेखित करावेत: या वेळी निवड झालीच पाहिजे, बाबांना वाईट वाटताच कामा नये, मला झोप लागलीच पाहिजे. मग प्रत्येक वाक्य ‘च’ काढून पुन्हा लिहावे आणि खाली लिहावे की तसे न झाल्यास मी नेमके काय करीन. ‘सगळे चांगलेच होईल’ असे लिहू नये, कारण ते मनाला पटत नाही. ‘निवड झाली नाही तर फार वाईट वाटेल, काही दिवस जड जातील, मग मी अमुक करीन’ हे खरे असते म्हणून टिकते.

दिवसभर डोक्यात घोळणाऱ्या काळजीसाठी आणखी एक उपाय आहे. रोज ठरलेल्या वेळी, झोपण्याच्या बराच आधी, म्हणजे समजा संध्याकाळी सहा ते साडेसहा, ‘काळजीची वेळ’ ठेवावी. इतर वेळी काळजी आली की वहीत एक शब्द टिपून ‘सहा वाजता’ असे मनाशी म्हणावे आणि हातातल्या कामाकडे वळावे. सहा वाजता वही उघडून प्रत्येक काळजीपुढे एकच प्रश्न लिहावा: यावर मला या आठवड्यात काही करता येईल का? येत असेल तर ती कृती आणि वार लिहावा. पुण्याला शिकणाऱ्या मुलीने फोन उचलला नाही तर काय झाले असेल, या प्रश्नावर करण्यासारखे काही नसते. तो ‘अनिश्चित’ या रकान्यात टाकून वही मिटावी. काळजी दाबून टाकण्याचा प्रयत्न केला की ती उसळून वर येते, पुढे ढकलली की पुष्कळदा सहा वाजेपर्यंत तिची धार गेलेली असते.

भीतीची शिडी

आता मूळ मुद्द्याकडे येते. टाळणे उघड असते तसे छुपेही असते. बसमध्ये चढायचे पण दाराजवळच बसायचे, पिशवीत पाण्याची बाटली आणि गोळी असल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, दर अर्ध्या तासाला नाडी मोजायची, नवऱ्याला ‘पोहोचले, ठीक आहे’ असे दहा फोन करायचे, लक्षणे मोबाइलवर शोधत बसायचे. प्रवास होतो, पण मेंदू शिकतो की बाटली होती म्हणून वाचलो. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त यादी करावी: मी काय टाळतो, आणि जे टाळत नाही ते कशाच्या आधारावर करतो.

मग शिडी बांधावी. समजा नाशिकरोडच्या एका गृहिणीला प्रवासात झटका आला आणि तेव्हापासून तिने माहेरी, कल्याणला, जाणे सोडले आहे. कसारा घाटातले बोगदे आठवले तरी तिच्या छातीत धस्स होते. शून्य म्हणजे भीती नाही आणि १०० म्हणजे असह्य भीती, असे मोजून ती पायऱ्या लावते. स्टेशनच्या फलाटावर वीस मिनिटे बसणे, गुण २५. सिटीलिंकच्या बसने दुपारी मोकळ्या वेळी दोन थांबे, मुलासोबत, ३५. तोच प्रवास एकटीने, ४५. संध्याकाळच्या गर्दीत सीबीएसपर्यंत (मध्यवर्ती बसस्थानक), मधल्या आसनावर बसून, ५५. एसटीने सिन्नरला जाऊन परत, ६५. रेल्वेने इगतपुरीपर्यंत, सोबत घेऊन, ७५. इगतपुरीच्या पुढे घाट उतरून कसाऱ्यापर्यंत, ९०. एकटीने कल्याणला, गोळी घरी ठेवून, १००.

सुरुवात ३०-४०च्या पायरीवरून करावी. फार खालची पायरी काही शिकवत नाही आणि फार वरची पायरी माणसाला पळवून लावते. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी कागदावर भाकीत लिहावे, जसे की ‘तिसऱ्या मिनिटाला मी बेशुद्ध पडेन’. परत आल्यावर खाली लिहावे की प्रत्यक्षात काय झाले. हा कागद मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण भीतीला स्मरणशक्ती नसते. वीस वेळा बेशुद्ध न पडूनही एकविसाव्या वेळी ती तेच सांगते, आणि त्या वेळी हातात वीस नोंदी असाव्या लागतात.

भीती शिगेला असताना उतरून जाऊ नये. उतरल्यास मेंदू तीच नोंद करतो की उतरलो म्हणून वाचलो. थांबल्यास लाट बहुधा खाली येते, आणि एखाद्या दिवशी पूर्ण खाली आली नाही तरी ती सोसता आली, हे कळणे पुरेसे असते. एकच पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा करावी. पंधरा दिवसांतून एकदा केलेल्या सरावाचा फारसा उपयोग होत नाही. एखादी पायरी जमली नाही तर ती दोन पायऱ्यांत फोडावी. बसमध्ये रडू आले तरी थांबा येईपर्यंत बसून राहणे ही त्या दिवसाची पूर्ण कमाई आहे.

पॅनिक विकारात तज्ज्ञ आणखी एक सराव देतात. जागच्या जागी मिनिटभर पळायला लावतात, फिरत्या खुर्चीत फिरवतात, मुद्दाम धडधड आणि चक्कर निर्माण करतात, जेणेकरून त्या संवेदनांचीच भीती उतरावी. हृदयविकार, दमा, फिट्सचा आजार किंवा गरोदरपण असल्यास हे स्वतःहून करू नये. तपासणीत हृदय निरोगी ठरले असेल, तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढणे हा त्याचा नाशिकमधला अगदी साधा प्रकार आहे. तिथे धडधड, धाप आणि घाम ही तीनही लक्षणे येतात आणि वर पोहोचून वारा लागला की आपोआप उतरतात.

झटका आलाच तर

त्याला नाव द्यावे: हा पॅनिकचा झटका आहे, हा मला पूर्वी आला आहे, हा चढेल आणि उतरेल. शक्य असेल तर जागा सोडू नये. वाहन चालवत असाल तर मात्र सावकाश बाजूला घेऊन थांबावे. खोल श्वास ओढण्याचा आटापिटा करू नये, कारण कमतरता प्राणवायूची नसते. नाकाने चार आकडे मोजत हलका श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा, पोटावर हात ठेवून पोट हलते आहे ना ते पाहावे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला पाळू नये, दुखणे हृदयाचे किंवा दम्याचे असल्यास तो घातक ठरतो. ही श्वासाची पद्धत रोज दहा मिनिटे शांत वेळी सरावाने बसवावी लागते. आणि तिच्याशिवाय आपण जगणारच नाही असे वाटू लागले, तर तीही बाटलीसारखाच छुपा आधार झाली आहे हे ओळखावे.

औषधे

औषधांबद्दल लोकांच्या मनात दोन वेगळी औषधे एकच झाली आहेत आणि त्यातून फार नुकसान होते. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरॉक्सेटिन ही पहिल्या गटातली औषधे मूळ आजारावर काम करतात. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी आणि थोडी वाढलेली अस्वस्थता येऊ शकते, आणि नेमके तेव्हाच अनेक जण गोळ्या सोडतात. त्याऐवजी डॉक्टरांना फोन करावा, कमी मात्रेपासून सुरुवात करता येते. या औषधांची चटक लागत नाही, मात्र ती एकदम बंद केली तर चक्कर आणि बेचैनी येते, म्हणून ती हळूहळू उतरवतात. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवतात.

अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम ही दुसऱ्या गटातली औषधे अर्ध्या-पाऊण तासात शांत करतात. त्यामुळेच त्यांची सवय लागते, मात्रा वाढत जाते, आणि गोळी घेऊन केलेल्या प्रवासातून मेंदू काही शिकत नाही. ती थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच असावीत. शेजारणीची उरलेली गोळी घेणे, जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे औषध आणणे, मद्यासोबत घेणे, हे तिन्ही धोक्याचे आहे. अनेक महिने घेत असाल तर आज हा लेख वाचून ती एकदम बंदही करू नका, त्याने फिट येऊ शकते. गरोदर असल्यास किंवा तसा विचार असल्यास तो पहिल्याच भेटीत सांगावा.

चहा, झोप, चालणे

दिवसाला सात-आठ कप चहा होत असेल तर तो दोन-तीनवर आणावा आणि दुपारी तीननंतर घेऊ नये. कॅफीनने होणारी धडधड आणि चिंतेची धडधड शरीराला सारखीच लागते. तंबाखू आणि सिगारेटही हेच करतात. रात्री घेतलेल्या पेल्याने तास-दोन तास बरे वाटते आणि पहाटे दुप्पट घबराट होऊन जाग येते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळ्या बदलणाऱ्यांना झोपेची वेळ राखणे अवघड आहे हे मान्य आहे. निदान उठण्याची वेळ त्या पाळीपुरती एकच ठेवावी. आठवड्यात १५० मिनिटे भरभर चालणे, मग ते गोल्फ क्लबच्या मैदानावर असो वा गोदाकाठी, चिंता कमी करण्यास मदत करते.

घरच्यांनी काय करावे

‘टेन्शन घेऊ नकोस’, ‘तुला कमी कशाची आहे’, ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’, ही वाक्ये मदत म्हणून बोलली जातात आणि ऐकणाऱ्याला अपराधी करतात. दुसरे टोक अधिक प्रेमाचे आणि म्हणून अधिक अवघड आहे: त्याच्याऐवजी बँकेत जाणे, तिच्यासाठी फोनवर बोलणे, ‘मला काही होणार नाही ना’ या प्रश्नाला दिवसातून वीसदा उत्तर देणे. अशा मदतीने आजार पोसला जातो. ती एकदम काढूनही घेऊ नये. शांतपणे बोलून, ठरवून, एकेक कमी करावी.

घाबरलेल्या सासूबाईंना बसमध्ये सून म्हणू शकते, “आई, तुम्हाला भीती वाटतेय हे मला दिसतंय. आपण पुढच्या थांब्यापर्यंत अशाच बसू, मी आहे.” यात भीती मान्य केलेली आहे आणि उतरणे पुढे ढकललेले आहे. शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखणाऱ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांकडून पोट तपासून घेतल्यावर पालकांनी वर्गशिक्षकांशी बोलावे, आणि पूर्ण दिवस जमत नसेल तर पहिल्या दोन तासांपुरते तरी त्याला शाळेत बसवावे. शाळा बुडवून घरी ठेवलेला प्रत्येक दिवस दुसऱ्या दिवशीचे जाणे कठीण करतो.

जगणे नको वाटते, मरून जावे असे वाटते, असे कोणी बोलले तर ते गांभीर्याने घ्यावे आणि सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटे सोडू नये, १४४१६वर किंवा तातडीच्या वेळी ११२वर फोन करावा, आणि सिव्हिलच्या अपघात विभागात न्यावे.

बरे झाल्यानंतर

चिंताविकार पुन्हा डोके वर काढू शकतो, विशेषतः आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, नोकरी जाणे अशा काळात. त्याची पहिली खूण बहुधा झटका नसतो, ‘आज नको, उद्या जाऊ’ ही असते. म्हणून शिडीचा कागद, भाकितांच्या नोंदी आणि डॉक्टरांचा क्रमांक एका पाकिटात घालून कपाटात ठेवावा. एकच गोष्ट लागोपाठ तीनदा टाळली गेली आहे असे लक्षात आले की त्याच आठवड्यात पाकीट उघडावे, चाळिशीची पायरी शोधावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बाटली घरी ठेवून, बसथांब्यावर जाऊन उभे राहावे.